दोनापावलाहून मुरगाव बंदर: छोटी पाणबुडी जहाजावर चढवण्याआधी

क्रेनची काळजी सगळे करतात, पण अशा मानवरहित पाणबुडीचा घात बहुधा प्रयोगशाळेतच, झाकण बसवताना होतो. म्हणून सुरुवात ओ-रिंगपासून, म्हणजे झाकणाच्या खाचेत बसून पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यापासून. जुनी रिंग स्क्रूड्रायव्हरने उपसू नये. खाचेवर ओरखडा उठला की पाण्याला वाट मिळाली. नवी रिंग बोटांतून फिरवून कण-केस शोधावा आणि सिलिकॉन ग्रीस नुसते चकाकण्यापुरतेच लावावे. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने बनवलेली ‘माया’ ही अशीच पाणबुडी २०० मीटरपर्यंत जाते. तेवढ्या खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० किलोचा दाब असतो, तिथे एक केसही पुरतो.

झाकण एसीच्या खोलीतच बंद करावे, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या ताज्या पुड्या आत टाकून. गोव्याची दमट हवा आत कोंडली, तर खालच्या थंड पाण्यात तिचे दव सर्किटवर धरते. मग पंपाने आतली थोडी हवा ओढून आतल्या दाबाचा गेज पाहावा आणि काही तासांनी पुन्हा पाहावा. दोन्ही वेळा तापमान लिहावे. यंत्र मध्येच उन्हात नेले तर आकडा हलतो आणि नसलेली गळती शोधण्यात दुपार जाते.

तोल टाकीतल्या गोड्या पाण्यात साधला असेल, तर समुद्राचा हिशेब वेगळा. खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड. ५५ किलोचे यंत्र तिथे सव्वा-दीड किलोने हलके होते आणि बुडायलाच तयार होत नाही. शिशाचे तुकडे सोबत हवेतच. पावसाळ्यानंतर लगेच जुवारी नदीच्या मुखाशी चाचणी असेल, तर तिथले पाणी किती खारट आहे ते आधी मोजावे.

बंदराचे पास आणि सामानाची यादी आदल्या दिवशीच. यादीतले सिरीयल नंबर यंत्रावरच्या नंबरांशी जुळवून घ्यावेत, नाहीतर गेटवरच अडकाल. पेटी टेम्पोत आडवी, फोमवर. सेन्सर आणि प्रोपेलर वेगळे.

धक्क्यावर पोचल्यावर आधी बोसनशी, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाशी बोलावे, मग क्रेनवाल्याशी. भरती-ओहोटीने डेक वर-खाली होतो, म्हणून उचलायची वेळ बोसनलाच ठरवू द्या. पट्टे उचलण्याच्या ठरलेल्या कड्यांनाच लावायचे, पंखांना किंवा अँटेनाला कधीच नाही. दोन्ही टोकांना आवरायचे दोर, इशारे देणारा माणूस एकच, आणि लोंबत्या यंत्राखाली कोणीही नाही, फोटो काढणारेसुद्धा.

डेकवर पाळण्यात बसवून चारही बाजूंनी आवळावे. नंतर गेज परत पाहावा. प्रवासात बसलेले धक्के तिथेच कळतात. लिथियम बॅटरी पूर्ण चार्ज करायची ती इथे, कुणीतरी शेजारी बसलेले असताना.