जुनं कुट्टी मशीन चारा चघळतंय? आधी फट बघा

दादर (रब्बी ज्वारी) निघाली, कडब्याची गंजी रचली, की खळ्याच्या कोपऱ्यातल्या कुट्टी मशीनवरची ताडपत्री निघते. आणि पहिल्या पेंढीलाच कळतं की मशीन चारा कापत नाही, चघळतंय. बहुतेक जण लगेच पाती काढून धारेला पाठवतात. आम्हीही एका हंगामात दोनदा धार लावून आणली, दोन दिवसांनी पुन्हा तेच. दोष धारेत नव्हताच. पातं आणि तोंडाची पट्टी (चारा आत जातो तिथली स्थिर लोखंडी पट्टी) यांच्यातली फट वाढली होती. जुनं मशीन भंगारात घालण्याआधी एवढं एक नक्की तपासा.

सुरुवात विजेपासून. नुसता स्टार्टर बंद करून भागत नाही, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. आपल्याकडे लाईट कधी येईल याचा नेम नाही आणि घरातलं कोणी नकळत बटण दाबू शकतं. चाक पूर्ण थांबलं की आऱ्यांमध्ये लाकडी ठोकळा अडकवा, मगच हात घाला.

आता चाक दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे ओढा, मग मागे ढकला. चाक आत-बाहेर सरकत असेल तर शाफ्टमध्ये प्ले, म्हणजे सैलपणा आहे. आधी बुश किंवा बेअरिंग बदला, कॉलर घट्ट करा. प्ले तसाच ठेवून पाती कितीही जुळवली तरी चालू मशीनमध्ये फट बदलत राहते.

प्ले नसेल तर वर्तमानपत्राची पट्टी घ्या. ठोकळा काढून ती तोंडावर आडवी धरा, बोटं लांब ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक हळू फिरवा. कागद सरळ कापला गेला तर फट बरोबर. दुमडून आत ओढला गेला तर त्या जागी पातं पट्टीपासून दूर आहे. पात्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, अशा तिन्ही ठिकाणी हे करा. जुन्या मशीनमध्ये बहुधा एकच टोक बिघडलेलं असतं. पात्याचे बोल्ट थोडे सैल करून मागच्या सेट बोल्टने पातं पुढे घ्या. दोन्ही बोल्ट आलटून पालटून आवळा, एकच एकदम आवळला तर पातं तिरपं बसतं. पातं पट्टीला घासता कामा नये. पट्टीची कडच गोल झाली असेल तर ती उलटून बसवा किंवा नवी टाका.

धार खरंच गेली असेल तर फक्त उताराच्या बाजूने लावा. पट्टीकडची सपाट बाजू ग्राइंडरला लावली की फट कधीच जुळणार नाही. धार लावताना पातं वारंवार पाण्यात बुडवा; लोखंड निळं पडलं म्हणजे पात्याचं पाणी (कडकपणा) उतरलं, मग धार टिकत नाही. पाती बदलायची तर जोडीने आणि सारख्या वजनाची, नाहीतर चाक हादरतं.

कुट्टी नीट पडते, पण चारा पुढे सरकत नाही? रोलरच्या दातांत साचलेला ओला मका आणि माती खरवडून काढा, टोकांना गुंडाळलेलं गवत सुरीने कापा, वरच्या रोलरची स्प्रिंग ढिली पडली का पाहा. चाक फिरतंय आणि रोलर अजिबात हलत नाही, तर बहुधा गिअरची चावी (गिअर शाफ्टला पक्का धरणारा लोखंडी तुकडा) तुटलेली असते. ती किरकोळ खर्चाची आहे, पण तिच्या जागी खिळा ठोकू नका.

पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून बघा, साधारण एक-दोन सेंटिमीटर दबायला हवा. सैल पट्टा घसरतो, फार ताणलेला बेअरिंग खातो. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे दोरी ताणून कळतं. मोटर नुसती गुणगुणत असेल तर लगेच बंद करा, वायंडिंग जळतं. कमी व्होल्टेज किंवा कपॅसिटर, यांपैकी एक कारण बहुधा निघतं. कपॅसिटरला इलेक्ट्रिशियनलाच हात लावू द्या, त्यात वीज साठलेली राहते.

सगळं जुळल्यावर पट्ट्याचं आणि चाकाचं झाकण आधी बसवा. मशीन दहा मिनिटं रिकामं चालवा, बंद करा, चाक थांबलं की बेअरिंगच्या घरावर हात ठेवा. हात टेकवत नसेल तर ग्रीस कमी आहे किंवा पट्टा जास्त ताणला गेलाय. मग एक पेंढी घाला, सैल बाही आणि गळ्यातला गमछा बाजूला ठेवून. पडलेली कुट्टी मुठीत घेऊन बघा: तुकड्यांची टोकं स्वच्छ हवीत, लांब धागे लोंबत असतील तर कागदाची पट्टी पुन्हा हातात घ्या.