फ्रीस्टाइल की ऑल-माउंटन: स्कीचं बाइंडिंग निवडताना

बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी आणि पडताना सोडणारी पकड. तिच्यावरचा मोठा आकडा पाहून भुलू नका. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्कीइंगची शैली यांवरून तुमचा डिन आकडा, म्हणजे किती जोर आला की बूट सुटेल ते, दुकानातला तंत्रज्ञ काढतो. तो बाइंडिंगच्या आकड्यांच्या पट्ट्यात साधारण मध्यावर यायला हवा. समजा, तुमचा आकडा ७ आहे. मार्कर ग्रिफॉनचा पट्टा ४ ते १३, म्हणजे छान बसतो. लुक पिव्हट १८ मात्र सुरूच ८ पासून होतं! ते दिसायला कितीही झकास असलं तरी तुमच्या कामाचं नाही. आणि पार्कमध्ये, म्हणजे उड्या-कसरतींसाठी आखलेल्या भागात, स्की निसटते म्हणून स्क्रू मनानेच आवळत बसू नका, गुडघ्याशी खेळ आहे तो.

खरा फरक पडतो तो बाइंडिंग बसवण्याच्या जागेने. फ्रीस्टाइल, म्हणजे उड्या, गिरक्या, उलटं उतरणं हेच करायचं असेल तर स्कीच्या मध्याजवळ. ऑल-माउंटन, म्हणजे डोंगरावर सगळीकडे, ताज्या बर्फातही जायचं असेल तर काही सेंटिमीटर मागे, म्हणजे टोक बर्फावर तरंगतं. ठरत नसेल तर स्कीवर कंपनीने आखलेली रेघ धरा. एकदा भोकं पाडली की जागा बदलणं कटकटीचं.

ब्रेक (सुटलेली स्की घसरत जाऊ नये म्हणून बाइंडिंगला असलेले दांडे) स्कीच्या कमरेहून, म्हणजे मधल्या अरुंद भागाहून, थोडा रुंद हवा: ९८ मिलिमीटरला १०० किंवा ११०चा. फार रुंद घेतला तर तो कडेला अडकतो.

बूट ग्रिपवॉक (चालायला सोप्या, किंचित वळणदार) तळव्याचे असतील तर बाइंडिंगवर तसा शिक्का आहे ना, हे पैसे देण्याआधीच पाहा.