थंडीवाल्यांनी नाशिकचा उन्हाळा कसा काढायचा
मी पक्का थंडीवाला, निफाडला पारा ५-६ अंशांवर आला आणि द्राक्षबागेत शेकोट्या पेटल्या की मला बरं वाटतं (बागवाल्यांना नाही, त्यांचे मणी फुगत नाहीत). पण एप्रिलमध्ये ४० झालं की काय? तर आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी, म्हणून कूलर मस्त चालतो, फक्त तो खिडकीत बाहेरून हवा ओढेल असा लावा आणि समोरची खिडकी किलकिली ठेवा, नाहीतर दमट हवा आतच कोंडते न अंग नुसतं चिकचिक, आमच्याकडे दोन वर्षं हेच चाललेलं. रात्री सगळ्या खिडक्या सताड उघड्या, सकाळी ८ ला बंद (कूलर चालू असेल तेव्हा समोरची ती किलकिली सोडून). माठाखाली ओली वाळू. गच्चीवर पाणी ऊन उतरल्यावरच मारा, आधी मारलं तर वाफाच येतात.