तलवारीची ढिली मूठ पुन्हा बसवली

आजोळच्या माळ्यावरून आलेली तलवार आमच्या परळच्या घरात कपाटावर असायची. गेल्या पावसाळ्यात पात्यावर लाल गंज चढला आणि मूठ खुळखुळायला लागली.

आपल्याकडच्या या मुठी लोखंडी, आतून पोकळ. पात्याचं मागचं निमुळतं टोक त्यात लाखेनं पक्कं केलेलं असतं. आमची लाख सुकून भुगा झाली होती. मूठ उकळत्या पाण्यात धरली, थोड्या वेळानं लाख मऊ पडली आणि पातं ओढून निघालं. गॅसच्या ज्योतीवर मुळीच धरू नका. लाख 100 अंशांच्या आतच वितळते. पातं 200 अंशांपलीकडे तापलं तर पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरू लागतं, ते घरी परत चढवता येत नाही.

गंज मशीनचं तेल आणि सर्वांत बारीक स्टील वूलनं काढला, लांबीच्या दिशेनं, तीन संध्याकाळी. ग्राइंडर लावला नाही. जुन्या पोलादावर जौहर, म्हणजे पोलादातलीच लहरींची नक्षी, असेल तर तो घासला जातो. काळे डाग तसेच ठेवले. धारही लावली नाही.

मग मूठ बसवायला चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची शुद्ध लाख) दोन भाग, विटेची वस्त्रगाळ पूड एक भाग. नुसती लाख ठिसूळ राहते. वितळवून मुठीत ओतली, टोक कोमट करून दाबलं. पहिल्यांदा पातं तिरकं बसलं, पुन्हा तापवून सरळ केलं.

आता तेलाचा हात देऊन सुती कापडात ठेवतो. म्यानातलं चामडं ओल धरतं. दसऱ्याला आईनं झेंडू वाहिला, मूठ हलली नाही.