‘कळलं का?’ हा प्रश्न मी सोडला

‘कळलं का?’ विचारलं की सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. चौथी-पाचवीची मुलं खडाखडा वाचतात, पण जे लिहिलेलं नाही ते त्यांच्या हाती लागत नाही. म्हणून मी तो प्रश्नच सोडला.

आधी फळ्यावर एकच वाक्य लिहा: ‘आईने खिडकीबाहेर पाहिलं आणि वाळत घातलेले कपडे घाईघाईने आत आणले.’ विचारा, का? कोणीतरी ‘पाऊस!’ म्हणेलच. लगेच पुढचा प्रश्न: पाऊस हा शब्द कुठे आहे? मुलं परत वाचतात, बोट फिरवतात, ‘घाईघाईने’पाशी थांबतात. ती शांतता मोडू नका, खरं वाचन तिथेच चाललेलं असतं.

उताऱ्यासाठी पालिनक्सार आणि ब्राउन या अमेरिकी शिक्षण-संशोधकांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत मला फार उपयोगी पडली: पुढचा अंदाज, प्रश्न, अडलेल्याचा उलगडा, सारांश. चौघांच्या गटात एकेक काम द्या, दर परिच्छेदाला बदला. पण आधी स्वतः मोठ्याने विचार करून दाखवा: ‘इथे मी अडले, मागचं वाक्य परत वाचते.’

सारांश सगळ्यांत अवघड. मुलं उताराच उतरवून काढतात. मी पुस्तक मिटायला सांगते आणि दोनच वाक्यं मागते.