सर्व्हरवर पायथॉन जुनं आहे आणि लायब्ररी बसत नाहीये? मग हे असं करा

मध्यंतरी एका दूध संघाच्या सर्व्हरवर माझं काम अडकलं होतं. स्क्रिप्ट तशी छोटीच, रोज एक्सेलमधून दुधातल्या फॅट-एसएनएफचे (स्निग्धांश आणि बाकीचे घन घटक) आकडे वाचायचे, दहा दिवस झाले की उत्पादकांच्या बिलाची फाईल बनवायची आणि ती बँकेच्या सर्व्हरवर पाठवायची. माझ्या लॅपटॉपवर सगळं नीट चालत होतं म्हणून पिपची (पायथॉनच्या लायब्रऱ्या बसवणारं साधन) फ्रीझ कमांड मारून रिक्वायरमेंट्सची फाईल, म्हणजे लागणाऱ्या लायब्रऱ्या आणि त्यांच्या व्हर्जन्सची यादी, बनवली, त्यांच्या सर्व्हरवर नेली, इन्स्टॉल मारलं आणि पहिल्याच ओळीला अडकलं. सर्व्हरवर सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार), पायथॉन ३.६.८. मशीन बदलायचं नाही कारण त्यावरच वजनकाट्याचं सॉफ्टवेअर चालतं, आणि बिलाची तारीख तीन दिवसांवर आलेली. शेतकऱ्याचं बिल एक दिवस लांबलं तरी त्याचं पशुखाद्याचं गणित बिघडतं, त्यामुळे जीव टांगणीला लागला होता.

त्यातून शिकले ते सगळं इथे क्रमाने लिहितेय. उदाहरणं पायथॉन ३.६ ची आहेत पण ३.७, ३.८ वर अडकला असाल तरी रस्ता हाच. कमांड वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये अर्थात इंग्रजीतच टाइप करा.

आपण बहुतेक जण सुरुवातच उलट्या बाजूने करतो, म्हणजे सगळ्यात नवी लायब्ररी टाकायची आणि बसली नाही की एरर शोधत फिरायचं. त्याऐवजी आधी मशीनला विचारा तुझ्याकडे काय काय आहे, आणि मग त्याला पचेल तेवढंच द्या.

आधी मशीनची चौकशी

नुसतं पायथॉनचं व्हर्जन बघून भागत नाही, पाच गोष्टी एका कागदावर लिहून घ्या. पायथॉन कितवं, पिप कितवं, ग्लिबसी, म्हणजे लिनक्सची पायाभूत सी लायब्ररी, कितवं (‘एलडीडी डॅश डॅश व्हर्जन’ मारलं की कळतं), पायथॉन ज्या ओपनएसएसएलवर (नेटवरची जोडणी सुरक्षित करणारी लायब्ररी) बांधलंय ते कितवं (पायथॉनमध्ये एसएसएल मॉड्यूल इम्पोर्ट करून त्याचं ओपनएसएसएल व्हर्जन छापा), आणि डेटाबेस वापरत असाल तर एसक्यूलाइट (एका फाईलीत मावणारा छोटा डेटाबेस) कितवं. माझ्या कागदावर आलं: पायथॉन ३.६.८, पिप ९.०.३, ग्लिबसी २.१७, ओपनएसएसएल १.०.२के, एसक्यूलाइट ३.७.१७. पुढचा प्रत्येक एरर या पाचातल्याच कुठल्यातरी आकड्यापाशी येऊन थांबला.

सिस्टीमच्या पायथॉनला हात लावू नका

हे मी हात जोडून सांगते. सेंटओएस ७ मध्ये यम हे पॅकेज टाकायचं साधन स्वतःच पायथॉन २.७ मध्ये लिहिलेलं आहे. कुणीतरी सांगतं की यूएसआर-बिनमधला पायथॉनचा दुवा नव्या पायथॉनकडे वळव, तुम्ही वळवता, आणि पुढच्या वेळी यम चालवलं की ते सिंटॅक्स एरर देऊन आडवं होतं कारण जुन्या पद्धतीचं ‘एक्सेप्ट’ नव्या पायथॉनला कळत नाही. सूडो (ॲडमिनचे अधिकार) लावून पिप इन्स्टॉल करणं हाही तसाच धोका, सिस्टीमने टाकलेल्या फाईलींवर तुमच्या फाईली बसतात आणि मग कुणाचं काय बिघडलं तेच कळेनासं होतं.

म्हणून स्वतंत्र व्हेन्व, म्हणजे आपल्या लायब्रऱ्यांसाठी वेगळं फोल्डर, करायचं. ‘पायथॉन३ -एम व्हेन्व’ आणि पुढे फोल्डरचं नाव, मग ते चालू करायचं, आणि यापुढचं सगळं त्याच्या आतच. बिघडलं तर फोल्डर उडवून पुन्हा बनवायचं, बाकी मशीनला धक्का नाही.

लायब्ररीच्या आधी पिप

बरेच जण इथेच फसतात कारण एरर लायब्ररीच्या नावाने येतो. मला फाईल पाठवायला पॅरामिको ही लायब्ररी हवी होती, तिला क्रिप्टोग्राफी नावाची दुसरी लायब्ररी लागते, आणि तिथे आलं ‘नो मॉड्यूल नेम्ड सेटअपटूल्स-रस्ट’. म्हणजे आता रस्ट भाषेचा कंपायलर टाकायचा का? नाही हो. क्रिप्टोग्राफीची आयती बांधलेली व्हील फाईल या मशीनसाठी उपलब्ध आहे, पण तिच्या नावातला ‘मेनीलिनक्स२०१४’ हा शिक्का पिपला १९.३ पासून पुढेच ओळखता येतो. पिप ९ ला ती फाईल दिसतच नाही, मग ते कच्चा सोर्स उतरवतं आणि घरी बांधायला बसतं, म्हणून रस्ट मागतं.

पिप वाढवलं की प्रश्न मिटला. पायथॉन ३.६ साठी शेवटचं पिप २१.३.१, ३.७ साठी २४.०, आणि २.७ वरच असाल तर २०.३.४. आकडा देऊनच टाका म्हणजे गोंधळ नाही. गेट-पिपची नेहमीची स्क्रिप्ट उतरवलीत तर ती जुन्या पायथॉनवर सरळ नकार देते, तिची प्रत्येक जुन्या पायथॉनसाठी वेगळी प्रत त्याच साइटवर व्हर्जनच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली आहे, ती घ्या.

एररच्या कंसात उत्तर असतं

माझ्या फाईलमध्ये पांडास (तक्त्यातला डेटा हाताळणारी लायब्ररी) २ चं व्हर्जन होतं. पिपने सांगितलं, मागितलेलं व्हर्जन सापडलं नाही, आणि पुढे कंसात ‘फ्रॉम व्हर्जन्स’ म्हणून भलीमोठी यादी, ०.१, ०.२ अशी सुरू होऊन १.१.५ वर संपलेली. हा कंस आपण कुणी वाचत नाही, डोळे थेट शेवटच्या लाल ओळीवर जातात. पण कंसातला शेवटचा आकडा म्हणजे तुमच्या पायथॉनवर चालणारं सगळ्यात नवं व्हर्जन! प्रत्येक लायब्ररी आपल्याला किमान कुठलं पायथॉन लागतं हे जाहीर करते, पिप ते वाचून न बसणारी व्हर्जन्स आधीच बाजूला काढतं आणि उरलेली तिथे दाखवतं. तो आकडा उचला, रिक्वायरमेंट्समध्ये लिहा, पुढे चला.

नेहमी लागणारे काही आकडे देऊन ठेवते. पायथॉन ३.६ वर पांडास १.१.५, नमपाय १.१९.५, क्रिप्टोग्राफी ४०.०.२, जॅंगो ३.२. पायथॉन ३.७ वर पांडास १.३.५ आणि नमपाय १.२१.६. पायथॉन ३.८ वर पांडास २.०.३ आणि नमपाय १.२४.४.

सगळं झाड बांधून ठेवा

तुम्ही चार लायब्रऱ्या मागता, पण त्यांच्या मागोमाग वीस येतात. वरच्या चारांचे आकडे बांधले (म्हणजे नेमकं व्हर्जन लिहून ठेवलं) आणि खालच्यांना मोकळं सोडलं की एखाद्या सकाळी तुम्ही काहीही न बदलता सगळं मोडतं. मार्कअपसेफ २.१ मधून ‘सॉफ्ट-युनिकोड’ नावाचं फंक्शन काढलं तेव्हा मार्कअपसेफ ज्याच्या मागोमाग येतं ते जिंजा जुन्या व्हर्जनमध्ये वापरणाऱ्या कितीतरी जणांचं असंच झालं, त्यांनी मार्कअपसेफचं नावही कधी लिहिलेलं नव्हतं (ते २.०.१ वर बांधलं की चालायला लागतं). म्हणून एकदा सगळं चाललं की त्याच व्हेन्वमधून पिप फ्रीझ करा आणि ती यादी सांभाळा. लॅपटॉपवरची यादी सर्व्हरवर नेऊ नका, मी नेली आणि अर्धा दिवस गेला.

मग ‘पिप चेक’ मारा. कुणाचं कुणाशी पटत नाही ते सांगतं. पण पिप चेकला सगळं कळतं असं धरून चालू नका, कारण माझ्याकडे सगळं बसलं, पिप चेकने काही तक्रार नाही म्हणून सांगितलं, आणि स्क्रिप्ट चालवली तर एक्सेल वाचतानाच थांबली: ‘एक्सेल एक्सएलएसएक्स फाईल, नॉट सपोर्टेड’. झालं होतं असं, की पांडास १.१.५ एक्सेल वाचायला एक्सएलआरडी या लायब्ररीकडे जातं, आणि एक्सएलआरडीने डिसेंबर २०२० मध्ये २.० काढताना एक्सएलएसएक्स वाचणंच बंद केलं, आता ती फक्त जुन्या एक्सएलएस फाईली वाचते. कागदावर दोघांचं भांडण नाही, कामात आहे. उपाय दोन, एकतर एक्सएलआरडी १.२.० वर बांधा नाहीतर ओपनपायएक्सएल ही दुसरी लायब्ररी टाकून रीड-एक्सेलला ‘इंजिन’ म्हणून त्याचं नाव द्या. दुसराच करा, कारण एक्सएलआरडी १.२.० उद्या पायथॉन ३.९ वर गेलात की तिथे एक्सएलएसएक्स वाचताना मोडते.

इन्स्टॉल झालं पण चालवताना मोडतंय

इथे एररची भाषा ओळखायची सवय लावा, कुठल्या पायथॉनची गोष्ट तुमच्या पायथॉनला सापडत नाहीये ते एररच सांगतो. ‘फ्युचर फीचर ॲनोटेशन्स’ नाही असं आलं तर कोड किमान ३.७ साठी लिहिलाय. कोलन आणि बरोबरचं चिन्ह जोडून लिहिलेल्या जागी सिंटॅक्स एरर आला तर ३.८. ‘टाइप ऑब्जेक्ट इज नॉट सबस्क्रिप्टेबल’ आलं तर बहुधा ३.९. लायब्ररीच्या आतल्या फाईलमध्ये असं झालं तर ती लायब्ररी एक-दोन व्हर्जन खाली घ्या, तिची फाईल हाताने दुरुस्त करत बसू नका, पुढच्या इन्स्टॉलला ती दुरुस्ती पुसली जाते. तुमच्याच कोडमध्ये झालं तर बॅकपोर्ट (नव्या गोष्टीची जुन्या पायथॉनसाठीची प्रत) शोधा. डेटाक्लासेस ३.६ साठी वेगळं पॅकेज म्हणून मिळतं, टाइम झोनसाठी बॅकपोर्ट्स-झोनइन्फो आहे, टायपिंगच्या नव्या गोष्टींसाठी टायपिंग-एक्स्टेन्शन्स.

पायथॉनच्याही खाली

काही वेळा पायथॉन आणि लायब्ररी दोघांचं जमतं पण खालची सिस्टीम जुनी असते. सेंटओएस ७ वर कुणी ३.८ किंवा ३.९ स्वतः बांधून घेतलं आणि रिक्वेस्ट्स (वेबशी बोलणारी लायब्ररी) टाकलं की तिच्या मागोमाग यूआरएललिब३ ची २ ची मालिका येते (२०२३ पासूनची) आणि म्हणते मला ओपनएसएसएल १.१.१ हवं, तुमच्याकडे तर १.०.२. इथे पायथॉनचा दोष नाही म्हणून पिपलाही आधी कळत नाही. रिक्वायरमेंट्समध्ये यूआरएललिब३ २ च्या खालीच ठेवा, १.२६ ची मालिका चालते. तसंच जॅंगो २.२ पासून एसक्यूलाइट किमान ३.८.३ मागतं आणि मशीनवर ३.७.१७, तिथे पायएसक्यूलाइट३-बायनरी (सोबत नवं एसक्यूलाइट आणणारं पॅकेज) टाकून भागवता येतं.

‘जीएलआयबीसी २.२८ नॉट फाउंड’ असं दिसलं तर मात्र ग्लिबसी वाढवायच्या भानगडीत पडू नका. मशीनवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम त्याच्यावर उभा आहे, ते बिघडलं तर साधं एलएस पण चालणार नाही. त्या लायब्ररीची जुन्या ग्लिबसीवर बांधलेली व्हील घ्या, नाहीतर कंटेनर (स्वतःच्या लायब्रऱ्या सोबत घेऊन वेगळा चालणारा डबा).

आणि यमच ‘मिररलिस्ट सापडत नाही’ म्हणत असेल तर तुमचं नेट तपासत बसू नका. सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला, पॅकेजेस आता व्हॉल्टमध्ये (जुन्या पॅकेजेसचं कोठार) हलवलीत, रेपोच्या फाईलीत, म्हणजे यम जिथून पॅकेजेस घेतं तो पत्ता असलेल्या फाईलीत, तो पत्ता घाला.

आकडे जुळतात का बघा

पैशाचं काम असेल तर ही पायरी सोडू नका. नव्या पांडासवर लिहिलेला कोड जुन्यावर चालला म्हणजे उत्तरही तेच येईल असं नाही. पांडास २ मध्ये ग्रुपबाय करून (गट पाडून) सरासरी काढताना मजकुराचा कॉलम आला तर एरर येतो, १.१.५ तो कॉलम गुपचूप टाकून देतं. आमच्या एक्सेलमध्ये एका संस्थेच्या फॅटच्या कॉलमात कुणीतरी ‘३.८ ?’ असं टाइप केलं होतं. त्या एका खुणेमुळे अख्खा कॉलम मजकूर झाला, लॅपटॉपवर स्क्रिप्ट थांबली आणि सर्व्हरवर त्या संस्थेचा फॅटच गायब होऊन पुढे सरकली. लॅपटॉपवर तोच महिना चालवून बघितला नसता तर कळलंच नसतं. आता वाचल्या वाचल्या प्रत्येक कॉलम आकडा आहे का ते तपासते आणि नसेल तर थांबते. आधीच्या तीन बिलांच्या फाईली दोन्हीकडे बनवून पैशापर्यंत जुळवल्या आणि मगच क्रॉनला (ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणारं साधन) लावलं.

व्हील्स जपून ठेवा आणि पुढची सोय बघा

सगळं जुळलं की ‘पिप डाउनलोड’ने यादीतल्या सगळ्या व्हील्स एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवा. मशीन पुन्हा उभं करायची वेळ आली तर ‘नो-इंडेक्स’ आणि ‘फाइंड-लिंक्स’ देऊन त्याच फोल्डरमधून इन्स्टॉल होतं, नेट नसलं तरी.

पण पायथॉन ३.६ ला डिसेंबर २०२१ नंतर सुरक्षेची दुरुस्ती मिळालेली नाही आणि ही जुनी व्हर्जन्स बांधून ठेवली म्हणजे त्यातली भोकंही बांधून ठेवली, हे मालकाला लेखी कळवा. इंटरनेटकडे तोंड असलेलं काही त्यावर चालवू नका. डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) टाकायची परवानगी मिळाली तर त्याच मशीनवर नवं पायथॉन कंटेनरमध्ये चालतं, फक्त डॉकर २०.१०.१० किंवा पुढचं घ्या. त्याहून जुन्यावर नव्या इमेजमध्ये (कंटेनरचा साचा) पिप चालवलं की ‘कान्ट स्टार्ट न्यू थ्रेड’ येतं आणि माणूस मेमरी वाढवत बसतो, प्रत्यक्षात जुन्या डॉकरचे सुरक्षा नियम नव्या ग्लिबसीची थ्रेड बनवायची पद्धत अडवत असतात.