ओट्याचा दगड: माप आधी, रंग मग

दगड बघायला निघण्याआधी घरातली परात बाहेर काढा. रोज भाकरी जिच्या हातची असते, तिला ती परात टेबलावर ठेवून पीठ मळायला आणि भाकरी थापायला सांगा. टेबलाच्या पायांखाली फळ्या सरकवत उंची बदलून बघा आणि तिचे खांदे वर न चढता हात सहज पडतात ती उंची लिहून ठेवा. ओट्याचं पहिलं माप हेच.

मिस्त्री सरसकट ३३-३४ इंच धरतात. भाजी चिरायला ते चालतं. आपल्या सोलापुरात मात्र ज्वारीची भाकरी रोजची, आणि थापताना जोर वरून खाली द्यावा लागतो. कोपर काटकोनात ठेवून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून साधारण ६ इंच वजा करा. माझ्या आईची उंची ५ फूट. तिचा ओटा साडेएकतीस इंचांवर घेतला, तेव्हापासून तिची मान दुखायची थांबली. उंची ठरवताना फरशी बसल्यानंतरची जमीन धरा. कच्च्या जमिनीवरून माप घेतलं तर पुढे सिमेंटचा माल आणि टाइल्स मिळून दोन इंच खातात आणि ओटा बुटका होतो.

आता दगड. आपल्याकडे चार पर्याय समोर येतात: शहाबादी, कडप्पा, ग्रॅनाइट आणि मार्बल. शहाबाद तर रेल्वेने कलबुर्गीच्या पुढे, म्हणजे आपल्या दारातच. जुन्या सोलापुरी घरांत जमिनीला तीच फरशी आहे आणि पायाला ती फार सुख देते. पण शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीच्या जातीचे दगड. लिंबू, चिंच, टोमॅटो सांडला की पॉलिश उडून पांढुरका डाग पडतो. मार्बलचंही तसंच, शिवाय हळद त्यात मुरते. म्हणून स्वयंपाकाच्या ओट्याला वर ग्रॅनाइट आणि खालच्या उभ्या-आडव्या आधाराला कडप्पा, हीच जोडी मी सुचवेन. कडप्पा स्वस्त आहे, पाण्याने कुजत नाही, वाळवी लागत नाही.

ग्रॅनाइटमध्ये निवड मोठी आहे. चमचमत्या ठिपक्यांचा काळा ब्लॅक गॅलेक्सी आंध्रातल्या चिमकुर्तीचा, तपकिरी टॅन ब्राऊन करीमनगरकडचा. आणि ज्या इलकलच्या साड्या आपल्या घराघरांत आहेत, त्याच इलकलच्या खाणींतून लाल ग्रॅनाइट निघतो. रंग कुठलाही आवडो, गोडाऊनमध्ये जाताना चार वस्तू खिशात ठेवा: लिंबू, पाण्याची बाटली, एक नाणं आणि कापसासोबत नेलपॉलिश रिमूव्हर.

दगडाची स्लॅब (अखंड पाट) ऊन पडेल तिथे उभी करायला सांगा. काळ्या दगडावर रिमूव्हर लावलेला कापूस घासा. कापूस काळा झाला तर दगडाला रंग दिलेला आहे, तो घेऊ नका. त्याच दगडाच्या आडव्या तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब पाच मिनिटं ठेवून पुसा. चमक गेली तर तो ग्रॅनाइट नव्हे. पाण्याचा थेंब दहा मिनिटं ठेवा. खाली गडद ठिपका उमटला तर दगड पाणी पितो. फिकट रंगाचे दगड हे जास्त करतात, तसा घ्यायचाच असेल तर सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारा लेप, लावून घ्या. नाण्याने ठिकठिकाणी वाजवून बघा, आवाज खणखणीत हवा. एखादी रेघ दिसली तर तिच्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ती भेग. मागच्या बाजूला जाळी चिकटवलेली असेल तर दगड नाजूक आहे का, ते स्पष्ट विचारा. जाडी १८ ते २० मिलिमीटर. संपूर्ण ओट्याच्या स्लॅब एकाच लॉटच्या घ्या, नाहीतर सांध्यावर रंग बदलतो.

भाव चौरस फुटाचा असतो, पण मोल्डिंग (कडा गोल करून घासणं) रनिंग फुटावर, म्हणजे कडेच्या लांबीवर, आणि सिंक-शेगडीच्या खाचा वेगळ्या लावतात. हे सगळं आधी लिहून घ्या.

बसवताना काळजी कुठे घ्यायची, ते मी नुकसान सोसून शिकलो. आमच्या पहिल्या ओट्याला सहा महिन्यांत शेगडीच्या खाचेच्या कोपऱ्यातून भेग गेली. कोपरा काटकोनात कापला होता आणि खाचेखाली आधारच नव्हता. वर १५ लिटरची घागर टेकली की दगड तिथे वाकायचा. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे हंडे-कळश्या ओट्यावर येणारच. म्हणून खाचेच्या कोपऱ्यांना आधी गोल भोक पाडून मग कापायला सांगा, खाचेच्या पुढे-मागे निदान ३ इंच दगड राहू द्या आणि दोन्ही बाजूंना कडप्प्याचा उभा आधार घ्या. सांधा सिंक किंवा शेगडीच्या खाचेवर कधीही येऊ देऊ नका. शेंगाची चटणी कुटायचा खलबत्ता कुठे बसणार तेही आत्ताच ठरवा आणि त्याच्या बरोबर खाली एक आधार द्या.

माप दगड कापण्याआधी, भिंतींचं प्लास्टर झाल्यावर घ्या. भिंती क्वचितच गुण्यात (काटकोनात) असतात, म्हणून कोपऱ्याचा साचा पुठ्ठ्यावर काढून द्या. खालचा कडप्पा पाण्याच्या नळीने किंवा लेव्हल बाटलीने तपासा. मग तो भिजवून त्यावर सिमेंटचा माल सगळीकडे सारखा पसरा. नुसते गोळे ठेवून दगड टेकवला तर खाली पोकळी राहते आणि दगड तिथेच फुटतो. २० चौरस फुटांच्या ओट्याचं वजन ९० किलोच्या वर जातं, तेव्हा उचलायला माणसं पुरेशी हवीत, आणि स्लॅब उभीच न्यायची. पुढे एक-दीड इंच बाहेर काढा आणि त्या बाहेर आलेल्या भागाला खालून एक बारीक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी कपाटाच्या दारांवर ओघळत नाही. भिंतीलगतचा सांधा सिलिकॉनने भरा. एप्रिल-मे असेल तर माल फार लवकर सुकतो, म्हणून आठवडाभर ओल्या गोणपाटाने कडा झाकून ठेवा आणि तोवर वर वजन नको.

एक गोष्ट हात जोडून सांगतो: कटिंग पाणी सोडूनच करू द्या. ग्रॅनाइटच्या आणि क्वार्ट्झच्या (कारखान्यात बनवलेल्या दगडाच्या) धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. घरात चिखल होईल, पण तो पुसता येतो. कारागिराला मास्क तुम्हीच आणून द्या. तयार क्वार्ट्झ दिसायला देखणं असतं, पण त्यात राळ असते. गरम तवा थेट ठेवला तर डाग कायमचा.

बाथरूमच्या बेसिनला ग्रॅनाइट उत्तम, पण गडद काळा टाळा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ठिपके त्यावर दुरूनही दिसतात. करडा किंवा ठिपक्यांचा रंग बरा. मार्बल किंवा कडप्पा बसवला असेल तर अ‍ॅसिडने कधीच धुऊ नका, व्हिनेगरनेही नको. साधा साबण आणि कोरडं फडकं पुरतं.

मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देण्याआधी ओट्यावर तांब्याभर पाणी ओता आणि दोन मिनिटं थांबा. पाणी भिंतीकडे निघालं किंवा मधे साचलं तर त्याला तेव्हाच दाखवा. मग लाकडी लाटणं घेऊन ओटाभर हलकेच ठोकत जा. जिथे आवाज पोकळ येईल तिथे खडूने खूण करा आणि तेवढा भाग त्याच्याकडून भरून घ्या.